बीमवरची जागा

आमच्या फ्लॅट स्कीमच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये उभे राहून मान वर केली, की पहिल्या मजल्यावरच्या घराचा सांगाडा स्पष्ट दिसतो. कोणत्या भिंतीखाली बीम आहे आणि कोणती भिंत नुसत्या स्लॅबवर उभी आहे, हे तिथे लपत नाही. प्रताप नगरातल्या या घरात राहायला येऊन आम्हाला अठरा वर्षे झाली होती. पण मी असे वर पाहिले ते त्या ऑक्टोबरात पहिल्यांदा. हातात टेप होता, खिशात वही होती. चौकीदाराने विचारले, सर, स्लॅब गळून राहिला का. मी म्हणालो, नाही, वर साडेआठशे किलोची वस्तू ठेवायची आहे. ते सांगताना माझ्या आवाजात अभिमान होता, हे मला चांगले आठवते.

ती वस्तू म्हणजे माशांची टाकी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. बारा मिलिमीटर जाडीची काच, तळाशी गोटे आणि वाळू, आणि उरलेले सगळे पाणी. मी एका तंत्रनिकेतनात अभियांत्रिकी रेखाटन शिकवतो. सत्तावीस वर्षे इतरांच्या रेघा तपासत आलो. पण माझ्या रेखाटनावरून कुणी कधी काही बांधल्याचे मला आठवत नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यावर घर रिकामे वाटू लागले, हे एक कारण मी लोकांना सांगत असे. दुसरे कारण त्याहून अधिक वेळा सांगितले. ते असे, की बाबांना विरंगुळा होईल.

पत्नीने एकदा सरळ विचारले होते, बाबांना विचारले का. मी उत्तर दिले, त्यांच्यासाठीच तर आहे. ज्या माणसासाठी एखादी गोष्ट करायची त्यालाच ती हवी आहे का हे विचारण्याची गरज मला वाटली नाही, यापासूनच माझी चूक मोजायला हवी.

बाबा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. उमरेडजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून सारी नोकरी केली. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे आले. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. स्कीमला लिफ्ट नाही. वर्षातून दोनदा, दवाखान्यासाठी, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ते जिना उतरत; एरवी त्यांचे जग म्हणजे पुढच्या खोलीतला लोखंडी पलंग आणि त्याच्या उशाची रस्त्यावर उघडणारी खिडकी.

त्या खिडकीखाली रोज सकाळी आठच्या सुमारास त्यांचे एक मित्र येत; मी त्यांना काका म्हणतो. ते त्याच वर्कशॉपमध्ये टर्नर होते. एकाने लेथवर पार्ट बनवायचा आणि दुसऱ्याने तो मशीनला बसवायचा, अशी तीस वर्षांची त्यांची जोडी. दोघांची घरे छप्पन साली एकाच दिवशी बौद्ध झाली होती. तेव्हा दोघेही पोरसवदा होते. निवृत्तीनंतर काका आमच्या मागच्या दोन गल्ल्या सोडून मुलाकडे राहू लागले. त्यांना दम्याचा त्रास होता, त्यामुळे त्यांना जिना चढवत नसे. बाबांना उतरवत नसे. तेव्हा बूथवरून दूध घेऊन परतताना काका रस्त्यावर उभे राहत, बाबा पलंगावरून खिडकीच्या गजांना धरून अर्धवट उठत, आणि पंधरावीस मिनिटे ते एकमेकांशी ओरडून बोलत.

"काय बे फिटर, जिवंत हायस का?"

"तुह्या मयतीले येतो म्हटलं, मंगच जातो."

"माह्या मयतीले कसा येशील गा? जिना तं उतरता येत नाही तुले."

"तुले खिडकीखालून न्याले सांग ना मंग. इथूनच हात जोडतो."

याच्या पुढे भाजीचे भाव, पेन्शन, सुनेचे कौतुक, कुण्या जुन्या फोरमनची निंदा. वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने एकदा या गोंगाटाबद्दल माझ्याकडे हळूच तक्रार केली होती. मी बाबांना तसे सांगितले नाही. पण मलाही त्या आवाजाची थोडी लाज वाटत असे, हे इथे लिहून ठेवले पाहिजे.

पार्किंगमधून केलेल्या मोजणीतून एकच गोष्ट निघाली. पुढच्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीखाली एका कॉलमपासून दुसऱ्या कॉलमपर्यंत अठरा इंच खोलीचा बीम जातो. घरात दुसरीकडे कुठेही एवढा भार निर्धास्तपणे ठेवता आला नसता. म्हणजे टाकी तिथेच, खिडकीच्या भिंतीला लागून. म्हणजे बाबांचा पलंग तिथून हलवायचा. मुलीची मागची खोली मोकळी होती. ती मोठी होती, शांत होती, तिला लागून न्हाणीघर होते. मी ही गोष्ट बाबांना सांगितली तेव्हा जणू त्यांना बढती देत असल्यासारखी सांगितली. ते एवढेच म्हणाले, की पाहू.

मग पंधरा दिवस मी स्टँडच्या रेखाटनात बुडून गेलो. तितका आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता. पन्नास बाय पन्नासचा, सहा मिलिमीटरचा अँगल. पुढे तीन आणि मागे तीन असे सहा पाय. पाय सुटे फरशीवर टेकले तर भार सहा बिंदूंवर येईल, म्हणून खाली पूर्ण चौकट. वर चौकट, तिच्यात चार आडवे अँगल, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, म्हणजे काचेच्या तळाला कुठे खडा टोचणार नाही. मागच्या बाजूला दोन तिरप्या पट्ट्या, म्हणजे स्टँड आडवा डुलणार नाही. तीन दृश्ये, एक छेद, सगळी मापे. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर मी ते पसरून बसे आणि पत्नी ताट ठेवायला जागा मागे.

वेल्डर चौकात बसतो. उन्हाळ्याआधी कूलरचे स्टँड करणे हा त्याचा मुख्य धंदा. कागद पाहून तो म्हणाला की सर, याच्यावर तर ट्रक उभा राहील. कूलरच्या स्टँडला तो सवयीने बाहेरच्या बाजूला किंचित उतार देतो, म्हणजे सांडलेले पाणी भिंतीकडे येत नाही. इथे तसला उतार चालणार नाही, हे मी त्याला तीन वेळा बजावले आणि रोज संध्याकाळी जाऊन चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजत राहिलो. दोन्हींत एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

ते काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी कागद मागितला. मला बरे वाटले. फिटरला रेखाटन वाचता येते; त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत सगळ्या रेघा पाहिल्या. मग विचारले, "नट-बोल्टाचं काहून नाही करत गा? तीन चौकटी वेगळ्या बनव, बोल्टनं जोड. उद्या खोलता येते."

मी त्यांना समजावून सांगितले. बोल्टसाठी भोके पाडली की अँगल तिथे कमजोर होतो. बोल्ट कालांतराने ढिले पडतात. पंपाची सूक्ष्म थरथर सतत चालू राहील. टाकी भरल्यावर एक बोल्ट सरकला तर काच तडकेल. वेल्डिंगचा सांधा एकसंध असतो. मी कागदाच्या मागे आकडेमोड करून दाखवली. बाबांनी ती शांतपणे ऐकली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "हिशोब बरोबर हाय तुहा." मग थोड्या वेळाने, कागदावर ज्या ठिकाणी मी भिंत दाखवली होती तिथे बोट ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे एकदा ठेवलं का मंग कोणीच नाही हलवू शकत ना याले?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला आणि कागद माझ्या हातात दिला. मी ती स्तुती समजलो. तेव्हा मला काहीच उमगले नव्हते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो आहे. पण ते पूर्ण खरे नाही. तीस वर्षे मशीन खोलण्यात आणि जोडण्यात घालवलेला माणूस मजबुतीचा प्रश्न विचारत नव्हता, हे त्या क्षणी मनाच्या एका कोपऱ्याला कळले होते. त्या कोपऱ्याकडे मी पाहिले नाही, कारण स्टँडचे रेखाटन सुंदर झाले होते.

स्टँड चौघांनी उचलून जिन्यावरून आणला तेव्हा काका नेमके खाली होते. त्यांनी ओरडून विचारले, "मासे पाळून राहिले का हत्ती?" आणि स्वतःच हसले. बाबाही पलंगावरून हसले. त्याच दुपारी पलंग मागच्या खोलीत गेला.

टाकी भरायला दीड दिवस लागला. बर्डीच्या बाजारातल्या, मासे विकणाऱ्या दुकानदाराने बजावले होते की टाकीवर थेट ऊन पडले तर शेवाळ धरते. तेव्हा मी खिडकीच्या मापाचा प्लायवूड कापून घेतला, त्याला निळा कागद चिकटवला आणि खिडकी आतून बंद केली. निळ्या पार्श्वभूमीवर मासे फार देखणे दिसत. बाबांना मी खुर्चीवर आणून समोर बसवले. त्यांनी थोडा वेळ मासे पाहिले, चांगले आहेत म्हणाले, आणि पाय दुखतात म्हणून आत गेले. मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या स्कीमच्या भिंतीसमोर उघडते. दोन्हींच्या मध्ये चार फुटांचे अंतर आहे आणि तिथून पाइप जातात.

आता मला जे लिहायचे आहे ते लिहितो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी माशांना खाणे टाकत होतो. बंद खिडकीपलीकडून काकांची हाक आली. मागच्या खोलीत ती पोचली नाही. बाबांना ऐकू कमी येते आणि पंपाचा आवाजही होता. हाक पुन्हा आली. बाबांना पुढे आणले असते तरी त्यांना खिडकीपाशी जाता आले नसते, कारण मध्ये दोन फूट रुंदीची पाण्याने भरलेली टाकी होती. खिडकी उघडायची तर प्लायवूड काढायला हवा होता. त्या एका सकाळी माझ्या सगळ्या मापांमधली एक चूक उघडी पडत होती. मी दार उघडून जिन्याच्या आठ पायऱ्या उतरलो. तिथे मधल्या टप्प्यावर रस्त्याच्या बाजूला जाळी आहे. जाळीतून मी खाली म्हणालो, "काका, बाबा झोपलेत."

काकांना आश्चर्य वाटलेले दिसले. "आठ वाजता?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, रात्री झोप लागली नाही त्यांना. ते बरं म्हणाले आणि गेले. परत आलो तेव्हा बाबा मागच्या खोलीतून विचारत होते, तो आला नाही का गा. मी म्हणालो, आज नाही आले वाटतं.

अशी खोटी बोलणी एकदा जमली की पुढे फार कष्ट पडत नाहीत. काका पुढचे आठदहा दिवस येत राहिले. मी रोज आठ पायऱ्या उतरून जाळीपाशी जाई. कधी बाबा झोपलेले असत, कधी न्हात असत, एकदा मी त्यांना ताप आणला. आणि रोज घरात येऊन सांगे, की काका आलेले नाहीत. पत्नी त्या वेळी स्वयंपाकघरात असे आणि तिकडे मिक्सर चालू असे. ती ऐकत होती की नाही, मी आजही तिला विचारलेले नाही. मी स्वतःशी ठरवले होते की एखाद्या रविवारी खुर्ची, उशी असे काहीतरी करून दोघांची भेट घडवू. तो रविवार मी ठरवलाच नाही. नंतर काकांनी हाक मारणे थांबवले, आणि मला हायसे वाटले. हे शेवटचे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेले.

बाबांनीही हळूहळू विचारणे सोडले. सुरुवातीला रोज, मग दोन दिवसांनी, मग मुळीच नाही. मी समजलो की त्यांना नव्या खोलीची सवय झाली. आमच्याकडे मधल्या बोळीत एका फळीवर बुद्धमूर्ती आहे. बाबा रोज संध्याकाळी भिंतीला धरत तिथवर येत, मेणबत्ती लावत आणि वंदना म्हणत. डिसेंबरपासून ते दोन मेणबत्त्या लावू लागले. मला वाटले, नजर कमी झाली असेल, उजेड हवा असेल. मी आणखी एक पाकीट आणून फळीवर ठेवले.

माघ पौर्णिमेला मी विहारात गेलो. वंदना झाल्यावर चपला घालताना काका समोर आले. ते बारीक झाले होते. त्यांनी मला बाजूला घेतले, आणि जे विचारले ते थट्टेच्या सुरात विचारायचा प्रयत्न करत विचारले. "काय गा, फिटर अजून झोपूनच हाय का?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"तं मले एक सांग," काका म्हणाले. "त्या मयतीच्या गोष्टीचा राग आला का त्याले? मी आपला मजाक केला होता. जिना उतरता येत नाही म्हटलं, ते लागलं असन. त्याच्या गुडघ्याचं मी बोलाले नाही पाहिजे होतं."

तीन महिने त्या माणसाने आपले बोलणे उलटसुलट करून पाहिले होते आणि त्यात स्वतःचा अपराध शोधून काढला होता. मी म्हणालो, नाही काका, राग नाही. ते म्हणाले, मग ठीक आहे, आणि वाट पाहत उभे राहिले. खरे सांगायची ती वेळ होती. मी घाईत असल्यासारखे घड्याळ पाहिले आणि निघालो.

घरी आलो तेव्हा बाबा फळीपुढे होते. वंदना होईपर्यंत मी मागे उभा राहिलो. मग त्यांना हात देऊन पलंगावर बसवले आणि खाली फरशीवर बसलो. बोलायचे काय ते मी रस्त्याने जुळवत आलो होतो. त्यात बीम होता, शेवाळ होते, तुमच्या तब्येतीची काळजी होती. ते सगळे तिथे निरुपयोगी झाले. मी म्हणालो, "बाबा, काका येत होते. रोज येत होते. मीच त्यांना सांगायचो की तुम्ही झोपलात. आणि तुम्हाला सांगायचो की ते आले नाहीत."

बाबांनी माझ्याकडे पाहिले, पण त्यांना माझा अपराध ऐकू आला असावा असे वाटले नाही.

"जिवंत हाय का तो?" त्यांनी विचारले.

"हो. आत्ताच भेटले विहारात."

ते म्हणाले, "मले वाटलं गेला. तुम्ही सांगून नाही राहिले, मले सोसणार नाही म्हणून." त्यांनी बोळीच्या दिशेने हात केला. "ते दुसरी मेणबत्ती त्याचीच लावून राहिलो मी दोन महिन्यापासून."

ज्या घरात मित्र मेल्याची बातमी लपवली जात आहे असे त्यांना वाटत होते, त्या घराला दुखवू नये म्हणून ते काही विचारत नव्हते. त्यांनी एकट्याने, मागच्या खोलीत, एका जिवंत माणसाचा शोक पूर्ण केला होता. माझ्या खोटेपणाला ते माया समजले होते.

मी क्षमा मागितली. बाबांनी ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. त्यांनी विचारले, "माह्या पलंगाची जागा कवा मोकळी करशील?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मासे बर्डीवरच्या दुकानदाराने परत नेले. पाणी नळीने काढता काढता दुपार झाली. रिकामी काच चौघांनी उतरवली. ती अजून पार्किंगमध्ये जुन्या गादीला टेकून आहे. स्टँड अखंड जिन्याने परत नेता आला असता, पण ठेवायला कुठेही जागा नव्हती, आणि बाबांनी तो कापायला सांगितला. वेल्डर फेब्रुवारीच्या गडबडीतून टळत्या दुपारी ग्राइंडर घेऊन आला. मशीन चालू करण्याआधी त्याने सांध्यांवरून हात फिरवला. असे काम त्याने पुन्हा केलेले नाही, असे तो म्हणाला, आणि मग हे कापायचे कशाला, याचे उत्तर मीच द्यावे अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले.

बाबा खुर्चीवर बसून होते. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, फक्त वेल्डरशी बोलले. "वेल्डवर नोको मारू. हातभर अलीकडून मार. सरळ अँगल निघन, कूलरले कामी येते." वेल्डरने तसेच केले. ठिणग्या उडत होत्या तेव्हा पत्नीने ओली चादर फरशीवर धरली होती. मी खिडकीवरचा प्लायवूड काढला. आतल्या बाजूला धुळीचा थर बसला होता आणि गजांवर एका कोळ्याने जाळे केले होते. पलंग जागेवर आला तेव्हा दिवेलागण झाली होती.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "सकाळी दूध आणाले जाते तो. बूथपाशी जा. त्याले इथवर घेऊन ये. आणि खाली रस्त्यावर उभा राहून सांग त्याले, जे मले सांगितलं ते. मी वरून ऐकन. मले ऐकू आलं पाहिजे."

मी म्हणालो, त्यांच्या घरी जाऊन सांगतो. बाबा म्हणाले, नाही.

माझा आवाज मुळात लहान आहे. वर्गात मागच्या बाकावरची मुले मला दोनदा विचारतात. सकाळी बूथवर काका भेटले. मी त्यांना म्हटले, बाबांनी बोलावले आहे. ते काही न विचारता माझ्याबरोबर चालू लागले, मात्र कोपऱ्यावर थांबून त्यांनी दम्याचा पंप तोंडाला लावला आणि दम घेतला. आमच्या स्कीमपाशी आलो तेव्हा खिडकी उघडी होती. गजांमागे बाबांचे डोके दिसत होते. शाळेची एक रिक्षा समोर थांबली होती, समोरच्या बाई अंगण झाडत होत्या.

मी सांगायला सुरुवात केली. वरून बाबा म्हणाले, "आयकू नाही आलं."

मी पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. काकांनी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा मी ओरडलो. बाबा झोपलेले नव्हते. त्यांना ताप नव्हता. तुम्ही रोज येत होता आणि मी खोटे बोललो, दोघांशीही, कारण टाकी हलवता येत नव्हती आणि मला ती हलवायची नव्हती. बाबा तुम्हाला गेलेले समजून मेणबत्ती लावत होते. झाडणाऱ्या बाई थांबल्या. रिक्षातली दोन मुले माझ्याकडे पाहत होती. माझ्या गळ्यातून एवढा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हते. तो माझा वाटत नव्हता.

काकांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता की आणखी काही, मला कळले नाही. त्यांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, दोन पावले मागे सरकले म्हणजे खिडकी नीट दिसेल, आणि मान वर केली.

"काय बे," ते म्हणाले. त्यांनी खोकून घेतले. "मले मेला समजून बसला होता म्हणे तू?"

"मंग? तीन महिने तोंड नाही दाखवलं. काय समजू?"

"दुसऱ्याले विचाराले काय झालं होतं? फोन नाही का घरात?"

"तुह्या घरच्या नंबरवर फोन करून रडू का, कवा गेला म्हणून?"

काका हसले, मग पुन्हा खोकले. बाबांनी विचारले की दम्याचे औषध बदलले का, आणि कोणत्या डॉक्टरने दिले. मग बोलणे पुढे कुठेतरी गेले. त्यात माझा उल्लेख आला नाही. मी दोघांच्या मधोमध रस्त्यावर उभा होतो. एकाचे बोलणे माझ्या डोक्यावरून वर जात होते, दुसऱ्याचे खाली येत होते. मी तिथून जावे की थांबावे, हे मला कुणी सांगितले नाही. दूध थंड होते आणि पिशवीतून माझ्या चपलेवर थेंब पडत होते. कॉलेजची वेळ टळून गेली तरी मी ती पिशवी धरून उभा राहिलो.